पदवीदान समारंभात स्वयंसेवक व्हायचंय? आधी हे वाचा

पदवीदान समारंभ वेळेत संपतो की रखडतो, हे भाषणांपेक्षा मंचाच्या पायरीवर जास्त ठरतं. हिशेब करून बघा. एका विद्यार्थ्याचं नाव पुकारणं, त्याचं मंचावर चालत येणं, प्रमाणपत्र घेणं आणि पुढे सरकणं यांत ६ सेकंद गेले, तर मिनिटाला १० जण होतात आणि ५०० जण ५० मिनिटांत. तेच ८ सेकंद लागले, तर ५०० जणांना ६६ मिनिटांहून थोडा जास्त वेळ जातो. माणशी २ सेकंद वाढले की शेवटी १६-१७ मिनिटांचा फटका बसतो. दिवसात दोन-तीन सत्रं असतील, तर तोवर पुढच्या सत्राचे पालक दाराबाहेर ताटकळत असतात आणि त्यांच्या मुलांना गाऊन द्यायचे असतात, जे आत बसलेल्यांच्या अंगावर असतात.

हे दोन सेकंद वाचवणं आणि तरीही कुणाला ढकलल्यासारखं वाटू न देणं, स्वयंसेवकाचं काम मुख्यतः हेच. मिरवणूक, झगे, वाद्यं हे सगळं दिसायला छान असतं, पण आतून बघाल तर समारंभ म्हणजे एक लांब रांग. ती तुटली की सगळं कोलमडतं.

नाव कुठे द्यायचं, आणि देताना काय विचारायचं

बहुतेक विद्यापीठांत कुलसचिव कार्यालय, परीक्षा विभाग किंवा समारंभांसाठीचा वेगळा विभाग स्वयंसेवक घेतो. कर्मचारी, शिकत असलेले विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी अशा तिघांनाही संधी असते. समारंभाची तारीख जाहीर झाली की थांबू नका, लगेच विचारणा करा. यादी लवकर भरते आणि उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला बाहेरच्या रस्त्यावर बाण धरून उभं राहण्याचं काम येतं. (तेही लागतंच. पण आत काय चाललंय ते दिसत नाही.)

नाव देतानाच चार गोष्टी विचारून घ्या: किती सत्रं करावी लागतील, किती वाजता हजर व्हायचं, रंगीत तालीम कधी आहे आणि मधे सुट्टी द्यायला बदली माणूस असतो का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका. सहा तास एका दारावर उभं राहिलेला माणूस सातव्या तासाला कुणाशीही नीट बोलू शकत नाही.

आणि एक सांगून ठेवतो. तुमची बहीण, भाऊ किंवा जवळचा मित्र ज्या सत्रात पदवी घेणार असेल, त्या सत्राची ड्यूटी घेऊ नका. नेमकं त्याचं नाव पुकारलं जाईल तेव्हा तुम्ही मागच्या खोलीत गाऊन मोजत असाल.

पहिल्या वेळी कोणतं काम मागावं

कामांचे गट ठरलेले असतात: नोंदणी टेबल, गाऊन वाटप, रांग लावणं, मंचाच्या दोन्ही बाजू, पाहुण्यांची दारं आणि बसण्याची व्यवस्था, मंचावरच्या मान्यवरांची सोबत, आणि शेवटी गाऊन परत घेणं.

माझं मत विचाराल तर नव्या माणसाने गाऊन वाटप मागावं. तिथे हाताला काम असतं, समारंभ सुरू होण्याआधीच ते बरंचसं उरकतं आणि विद्यार्थ्यांशी बोलायला मिळतं. मंचाच्या चढत्या पायरीवरची जागा पहिल्या वेळी देऊ केली तरी घेऊ नका. ती अनुभवी माणसाची जागा आहे. मान्यवरांची सोबत दिसायला मानाची, पण त्यात निम्मा वेळ दाराबाहेर उभं राहण्यात जातो.

रंगीत तालीम

तालमीला या, आणि नुसतं बसून सूचना ऐकू नका. गाऊन घालून विद्यार्थ्याचा पूर्ण रस्ता चालून बघा: खुर्चीपासून रांगेत, रांगेतून पायरीपर्यंत, मंचावरून पलीकडे, तिथून परत खुर्चीकडे. चालताना जे दिसतं ते कागदावरच्या नकाशात नसतं. एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच असते. दिव्याचा झोत नेमका डोळ्यांवर येतो आणि पुढची पायरी दिसत नाही. ध्वनिक्षेपकाची वायर चिकटपट्टीने दाबलेली असते, पण एका टोकाला सुटलेली. हे त्याच वेळी स्वयंसेवकांच्या प्रमुखाला सांगा.

तालमीत समारंभाचा क्रमही समजून घ्या, कारण प्रत्येक विद्यापीठाची रीत निराळी. केंब्रिजमध्ये विद्यार्थी चौघांच्या गटाने पुढे जातात आणि त्यांना सादर करणाऱ्या प्राध्यापकाच्या उजव्या हाताचं एकेक बोट धरतात. मग एकेक जण कुलगुरूंपुढे गुडघे टेकतो. ऑक्सफर्डमध्ये पदवी मिळालेले लोक सभागृहाबाहेर जाऊन नव्या पदवीचा गाऊन आणि हूड (पाठीवर लोंबणारं रंगीत अस्तराचं टोपडं) चढवतात आणि पुन्हा आत येतात. म्हणजे तिथल्या स्वयंसेवकाला समारंभ चालू असताना बाहेर कपडे बदलण्याची सोय सांभाळावी लागते. फिनलंडमध्ये डॉक्टरेटच्या समारंभात टोपीबरोबर तलवारही असते. कुठे प्रत्येकाचं नाव घेतात, कुठे अख्ख्या विद्याशाखेला एकदम उभं करून पदवी बहाल करतात. त्यामुळे आधीच्या विद्यापीठात काय पाहिलं होतं ते बाजूला ठेवा आणि इथली कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचा. कोण कधी उठणार, कधी बसणार, टोपी कधी काढणार, हे तुम्हाला पाठ असायला हवं. सभागृहातले लोक गोंधळले की समोरच्या स्वयंसेवकाकडे बघतात आणि तुम्ही उठलात तर तेही उठतात.

स्वतःची तयारी

गडद रंगाचे साधे कपडे, टाचा न वाजणारे सपाट बूट, खिशात पेन, छोटी वही आणि पाण्याची बाटली. फोन मूक, तोही कंपन बंद करून. ओळखपत्र गळ्यात नको, छातीवर लावा. वाकून कुणाचा गाऊन नीट करताना लोंबणारी दोरी मधे येते. सेफ्टी पिना आणि केसांच्या पिना मात्र भरपूर घ्या. कितीही घेतल्या तरी कमीच पडतात.

गाऊन, हूड, टोपी

हा झगा मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांतून आला. तिथले शिकणारे-शिकवणारे बरेचसे धर्मसंस्थेशी जोडलेले होते आणि त्यांचा लांब झगा व डोक्यावर ओढायची टोपडी हाच पुढे विद्यापीठाचा पोशाख झाला. आता हूड डोक्यावर घेत नाहीत, तो पाठीवर लोंबतो आणि त्याच्या अस्तराच्या रंगावरून विद्यापीठ किंवा विद्याशाखा ओळखता येते. अमेरिकेत १८९५ साली यासाठी आंतरमहाविद्यालयीन नियमावली ठरली. इतरत्र विद्यापीठागणिक नियम वेगळे. तुम्हाला सगळे रंग पाठ असण्याची गरज नाही, पण टेबलावर रंगांचा तक्ता हवा. चुकीच्या शाखेचा हूड घालून कुणी मंचावर गेलं तर तो फोटो जन्मभर भिंतीवर राहतो.

घालण्याची पद्धत अशी. आधी परवानगी विचारा, "मी नीट करून देऊ का?" एवढं पुरे. खांद्याला हात लावायच्या आधी हे विचारलंच पाहिजे. मग गाऊन चढवून खांद्यांवरची शिवण सारखी करा. हूड डोक्यावरून घाला, अरुंद भाग पुढे गळ्याशी आणि रुंद भाग पाठीवर. आता मागे जाऊन उभे राहा. रंगीत अस्तर आतल्या बाजूला दडलेलं असतं. हूडच्या कडा बाहेर उलटवून ते दिसेल असं करा. पुढे गळ्याशी एक बारीक फास असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. शर्टाला बटण नसेल तर हूड मागे सरकत जाऊन गळ्याला काचतो आणि विद्यार्थी फोटोत तो ओढताना दिसतो. इथे सेफ्टी पीन लागते. फास आतल्या कपड्याला टाचा आणि पीन बाहेरून दिसणार नाही असं बघा. कपडा रेशमी असेल तर पीन लावण्याआधी पुन्हा विचारा.

चौकोनी टोपी कपाळावर सरळ बसली पाहिजे, वरची पाटी जमिनीला समांतर. लोक ती मागे ढकलतात, कारण पुढचे केस दिसावेत असं वाटतं. समजावून सांगा, हट्ट धरू नका. दाट केसांवर दोन पिना लावल्या की टोपी राहते. पगडी, फेटा किंवा हिजाब असेल तर टोपीचा आग्रह अजिबात नको. टोपीवरून लोंबणाऱ्या गोंड्याचा नियम विचारून ठेवा. अमेरिकेत पदवीआधी उजवीकडे आणि पदवी बहाल झाल्यावर डावीकडे अशी प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. सगळीकडे नाही.

रांग

आता खऱ्या कामाकडे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात त्याच्या नावाचं कार्ड असतं. त्यावर नाव, पदवी, अनुक्रमांक आणि उच्चार कसा करायचा तेही लिहिलेलं असतं. विद्यार्थी हे कार्ड नाव पुकारणाऱ्याच्या हातात देतो आणि ती व्यक्ती ते वाचते. ही पद्धत साधी आणि भक्कम आहे, कारण नाव माणसाबरोबर चालतं. यादीवरून वाचण्याची पद्धत असेल तर मात्र एक गैरहजर माणूस पुढच्या सगळ्यांची नावं एकेक घर सरकवतो. म्हणून गैरहजर कोण हे रांग उठण्याआधी कळलं पाहिजे.

कसं कळणार? विद्यार्थी बसले की खुर्च्यांच्या ओळीच्या टोकाशी उभं राहून कार्डावरचे क्रमांक बघा. रिकामी खुर्ची दिसली तर शेजाऱ्याला विचारा. कधी तो स्वच्छतागृहात गेलेला असतो, कधी आलेलाच नसतो. "येईल बहुतेक" हे उत्तर धरू नका. क्रमांक वहीत लिहा आणि मंचाकडच्या स्वयंसेवकाला कळवा. उशिरा आलेल्याला मधे घुसवू नका. त्याला त्याच्या शाखेच्या शेवटी उभं करा आणि हे नाव पुकारणाऱ्यापर्यंत पोचवा. कार्ड हरवलेल्यांसाठी कोरी कार्डं आणि जाड शाईचं पेन तुमच्याजवळ असू दे.

ओळ कधी उठवायची हा अंदाजाचा भाग आहे. फार लवकर उठवली तर तीस माणसं भिंतीलगत दहा मिनिटं उभी राहतात, टाचा दुखतात, गप्पा सुरू होतात आणि मागे बसलेल्यांना मंच दिसत नाही. उशिरा उठवली तर मंच रिकामा पडतो, आणि रिकाम्या मंचाचे पाच सेकंद सभागृहाला फार मोठे वाटतात. तुमच्या आधीच्या ओळीतले शेवटचे पाच-सहा जण पायरीकडे निघाले की तुमची ओळ उठवा. खूण हाताने करा, तळवा वर करून, हळू. तोंडाने ओरडायचं नाही.

ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या माणसाला आधीच गाठून ठेवा. पहिल्याला सांगा की तुम्ही माझ्या मागून या, शेवटच्याला सांगा की तुमच्यानंतर कुणी नाही, पुढच्या ओळीसाठी थांबू नका. हे दोघे तयार असले की मधले आपोआप चालतात.

पायरीपाशी

पायरीवरच्या स्वयंसेवकाला काय बघायचं असतं ते रांगेवाल्यांनीही जाणून घ्यावं, कारण बरंचसं आधीच करता येतं. हातात बॅग नको, फोन नको, फुलं नकोत. गाऊन लांब असेल तर चढताना पुढून मुठीत धरायला सांगा, नाहीतर स्वतःच्याच गाऊनवर पाय पडतो. च्युइंगम तोंडात असेल तर कागद पुढे करा.

नाव पुकारायच्या आधी विद्यार्थ्याला स्वतःचं नाव म्हणायला लावा आणि कार्डावरच्या उच्चाराशी ताडून पाहा. तुम्ही म्हणून दाखवू नका, घाबरलेला माणूस तुमच्या चुकीच्या उच्चारालाही हो म्हणतो. फरक वाटला तर तो नाव पुकारणाऱ्याला लगेच सांगा. त्यांना रागही येत नाही, उलट हायसं वाटतं.

हस्तांदोलनाची रीत असेल तर उजवा हात मोकळा ठेवून डाव्या हाताने प्रमाणपत्र घ्यायचं, हे प्रत्येकाला सांगावं लागतं. ज्यांना धार्मिक किंवा इतर कारणाने हात मिळवायचा नसेल, त्यांनी तसं आधी सांगितलं की मंचावर निरोप पोचवता येतो आणि कुलगुरूंचा हात हवेत राहत नाही. विचारताना आवाज हळू ठेवा आणि कारण विचारू नका.

बऱ्याच ठिकाणी मंचावर दिलेल्या पुंगळीत किंवा फाईलमध्ये खरं प्रमाणपत्र नसतं, ते नंतर खिडकीवर मिळतं. हे विद्यार्थ्यांना आधीच सांगा. नाहीतर मंचावरून उतरताच लोक फाईल उघडतात, थबकतात आणि मागची रांग त्यांच्यावर आदळते.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांची व्यवस्था तालमीतच ठरलेली असावी: उतार कुठे, चढायला किती वेळ, नाव कधी पुकारायचं. खुर्चीला न विचारता हात लावायचा नाही, मदतीच्या हेतूनेही नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषा कुठे उभा राहील ते बघा आणि त्याच्यासमोरून कुणी सतत ये-जा करणार नाही याची काळजी घ्या. कुणाला गर्दी, आवाज किंवा टाळ्या सहन होत नसतील तर त्याला आधी मंचावर पाठवून शांत जागी बसवता येतं. विचारलं की विद्यापीठं सहसा हो म्हणतात. मृत विद्यार्थ्याची पदवी घ्यायला आई-वडील येणार असतील तर हे प्रमुखाकडून आधीच समजून घ्या. त्यांच्याबरोबर एकच ठरलेला माणूस असावा आणि त्यांना रांगेत ताटकळायला लावू नये.

पाहुण्यांची दारं

पालक लवकर येतात आणि एका तिकिटावर चौघं येतात. जागा नसेल तर तुम्ही निर्णय घेऊ नका, तिकिटांच्या टेबलाकडे पाठवा. तिथल्या माणसाला कुठे जागा उरली आहे ते ठाऊक असतं. बरेचदा दुसऱ्या सभागृहात पडद्यावर थेट प्रक्षेपण असतं, ते कुठे आहे हे मात्र तुम्हाला दुसऱ्या कुणाला न विचारता सांगता यायला हवं.

मिरवणूक सुरू झाली की दारं बंद होतात. उशिरा आलेल्यांना टाळ्यांच्या किंवा वाद्यांच्या वेळी आत सोडा, भाषणात किंवा नाव पुकारत असताना नाही. कॅमेरा घेऊन मधल्या वाटेत बसणारे काका सगळीकडे असतात. त्यांना हटकण्यापेक्षा फोटोसाठी ठरवलेली जागा दाखवा. ते बिचारे आपल्या मुलीचं नाव कधी येतंय याच काळजीत असतात. लहान मूल रडायला लागलं तर आईला उठवू नका, फक्त जवळचं दार उघडून ठेवा. मधली वाट आणि आपत्कालीन दार यांत मात्र तडजोड नाही: बाबागाडी, फुलांची टोपली, तिपाई, काहीही तिथे राहता कामा नये.

वॉकीटॉकी आणि अडचण

बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. लगेच बोललात तर पहिला शब्द कापला जातो. आधी कुणाला बोलावताय ते, मग तुम्ही कुठून, मग काम: "मंच, दार तीनकडून, एक पाहुणी चक्कर येऊन बसल्या आहेत, वैद्यकीय मदत पाठवा." नाव-गाव सांगायचं नाही, ते सगळ्यांना ऐकू जातं.

कुणी पडलं तर त्याला उचलू नका. हवा येऊ द्या, आजूबाजूची गर्दी मागे घ्या आणि मदत येईपर्यंत तिथेच थांबा. मूल हरवलं तर वर्णन प्रमुखाला द्या आणि मूल सापडलं तर ते पालकांच्या हाती प्रमुखासमोरच सोपवा. आपल्या जागेपासून जवळची दोन दारं ठाऊक असू द्या आणि दुसऱ्याला सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. विद्यार्थ्यांचे, याद्यांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका, कितीही आनंदाचा क्षण असला तरी.

शेवटची अर्धी बाजी

मिरवणूक बाहेर पडताना आधी मंचावरचे जातात. तोवर विद्यार्थी उभे असतात आणि त्यांना निघायची घाई असते. टोपी उडवण्याची प्रथा अमेरिकेच्या नौदल अकादमीतून आली असं मानतात. १९१२ साली तिथे पदवीधरांना अधिकाऱ्याची टोपी लगेच मिळाली, मग जुनी टोपी हवेत गेली. चौकोनी टोपीचा कोपरा मात्र टणक असतो आणि डोळ्याला लागू शकतो. तुमच्याकडे मनाई असेल तर ती सभागृहात आधीच जाहीर झालेली बरी.

भाड्याचे गाऊन परत घेताना हूड, गाऊन, टोपी वेगवेगळी मोजा आणि खिसे तपासा. कार्डं, चाव्या, कधी अंगठीसुद्धा निघते. गैरहजर विद्यार्थ्यांची कार्डं एकत्र बांधून त्याच संध्याकाळी परीक्षा विभागाकडे द्या, कारण त्यांची पदवी अनुपस्थितीत द्यायची असते आणि दुसऱ्या दिवशी ती कार्डं कुठे ठेवली ते कुणालाच आठवत नाही. सापडलेल्या वस्तू एका पेटीत घालून वर यादी लावा. आणि ज्या ठिकाणी रांग अडली, ज्या दाराशी गर्दी झाली, ज्या नावाशी थांबावं लागलं, ते त्याच दिवशी वहीत उतरवून प्रमुखाला द्या. पुढच्या वेळी पायरीवरची जागा हवी असेल तर ती कुणाला द्यायची, हे ठरवताना ते पान त्यांच्यासमोर असतं.